‘इन्कन्क्लूझिव्ह’ म्हणजे नेमके काय? : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि व्यवहार

शुक्रवारी सायंकाळी भ्रमणध्वनीवर संदेश येतो : आपल्या तपासणीचा अहवाल उपलब्ध झाला आहे. अहवाल असतो अमेरिकेत मुलाकडे राहणाऱ्या आईचा. कार्यालयातून नुकताच घरी आलेला मुलगा संगणक उघडतो, आकड्यांच्या आणि संक्षेपांच्या गर्दीतून वाट काढत शेवटच्या ओळीपाशी पोहोचतो आणि तेथील एका शब्दापाशी थबकतो : ‘इन्कन्क्लूझिव्ह’. शेजारी बसलेली आई विचारते, ‘‘काय आलं रे?’’ अशा वेळी दोनच उत्तरे ओठांवर येतात. ‘‘काही निघालं नाही, आई,’’ हे एक. आणि ‘‘काहीतरी आहे म्हणतायत,’’ हे दुसरे. पहिल्याने आई निश्चिंत होते, दुसऱ्याने तिची रात्रभर झोप उडते. परंतु अहवालाने यांपैकी काहीही म्हटलेले नसते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी परदेशस्थ मराठी घरांना तो अपरिचित वाटणार नाही. अमेरिकेत तर अलीकडे त्याची शक्यता वाढली आहे. २०१६ मध्ये संमत झालेल्या ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स’ कायद्यान्वये केलेले नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तेव्हापासून बहुतेक तपासण्यांचे अहवाल तयार होताच रुग्णाला त्याच्या ऑनलाइन खात्यावर पाहता येतात. पूर्वी डॉक्टर अहवाल वाचत आणि मग रुग्णाला समजावून सांगत. आता अनेकदा रुग्णच तो आधी वाचतो आणि डॉक्टरांचा फोन सोमवारी येतो. मधल्या दोन दिवसांत कुटुंबाच्या हाती असतो तो केवळ एक शब्द. म्हणूनच त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे हा भाषेच्या हौसेपुरता विषय उरत नाही.

शब्दाची घडण

‘इन्कन्क्लूझिव्ह’च्या मुळाशी ‘क्लाउडेरे’, म्हणजे बंद करणे, हे लॅटिन क्रियापद आहे. त्याला ‘कॉन’ हा उपसर्ग लागून ‘कन्क्लूड’ झाले : पूर्णपणे मिटवणे, समाप्त करणे, निष्कर्षाप्रत येणे. ‘क्लोज’, ‘इन्क्लूड’, ‘एक्स्क्लूड’ ही त्याच कुळातील भावंडे. इन्क्लूड म्हणजे दाराच्या आत घेऊन दार लावणे, एक्स्क्लूड म्हणजे बाहेर ठेवून दार लावणे. आरंभीचा ‘इन’ येथे नकारार्थी आहे. तेव्हा ‘इन्कन्क्लूझिव्ह’चा अक्षरार्थ इतकाच, की दार लागलेले नाही. प्रश्न विचारला गेला, शोधही घेतला गेला, पण जे हाती आले ते प्रश्न मिटवण्यास पुरेसे नाही.

या विशेषणाच्या वापराची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ते पुराव्याला, चाचणीला, चर्चेला, निवडणुकीला किंवा युद्धाला लागते. माणसाला लागत नाही. ज्याचा निर्णय होत नाही अशा माणसाला इंग्रजीत ‘अनडिसायडेड’ म्हणतात आणि ज्याचा स्वभावच चंचल, त्याला ‘इन्डिसिझिव्ह’. अहवाल ‘इन्कन्क्लूझिव्ह’ आहे म्हणजे डॉक्टर गोंधळलेले आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट, हाती असलेला पुरावा कोठपर्यंत नेतो आणि कोठे थांबतो, हे तपासणाऱ्याने प्रांजळपणे सांगितलेले असते.

मराठी प्रतिशब्दांची अडचण

कोशात पाहिले तर अनिर्णायक, अनिश्चित, संदिग्ध, अनिर्णित असे पर्याय सापडतात. त्यांपैकी ‘अनिर्णायक’ हा सर्वांत जवळचा. परंतु तो बोलण्यात क्वचितच येतो. ‘अनिर्णित’ मात्र घरोघरी पोहोचला आहे तो क्रिकेटच्या वार्तांकनातून. सामना अनिर्णित राहिला म्हणजे पाच दिवसांचा खेळ झाला, यष्ट्या उखडल्या गेल्या, कोणी जिंकले नाही आणि तो सामना पुन्हा होणार नाही. येथेच गल्लत होते. अनिर्णित सामना संपलेला असतो, तर ‘इन्कन्क्लूझिव्ह’ तपासणी बहुधा संपलेली नसते. ती पुढील तपासणीची वाट पाहत असते.

‘संदिग्ध’ हा शब्द भाषेच्या संदर्भात चपखल आहे : ज्या विधानाचे दोन अर्थ होतात ते संदिग्ध. पण अहवालाला तो लावला, की ऐकणाऱ्याच्या कानावर ‘संशयास्पद’ पडते आणि मन नको तिकडे धावते. ‘निष्फळ’ म्हणावे तर परिश्रम वाया गेल्याची खंत त्यात येते. सभागृहात कोणालाच बहुमत नसले, की मराठी वृत्तपत्रे ‘त्रिशंकू’ हे विशेषण वापरतात. त्यातील अधांतरीपण अचूक असले, तरी आजारी माणसाविषयी ते कोणी वापरणार नाही. घरगुती संभाषणात सर्वांत प्रामाणिक ठरणारे मराठी कदाचित सर्वांत साधे आहे : ‘‘अजून ठरलेलं नाही.’’ त्यातील ‘अजून’ हे क्रियाविशेषण महत्त्वाचे. मूळ इंग्रजी शब्दात न दिसणारी पुढची वाट तेच दाखवते.

निकाल अधांतरी का राहतो?

वैद्यकीय अहवालांत अनिश्चितता दर्शवणारे शब्द अनेक आहेत : इन्कन्क्लूझिव्ह, इन्डिटर्मिनेट, इक्विव्होकल, बॉर्डरलाइन, नॉन-डायग्नॉस्टिक. सामान्य वाचकाला ते एकसारखे वाटतात. मात्र प्रत्येकामागील कारण निराळे असू शकते आणि कारणानुसार पुढचे पाऊलही बदलते.

पहिले कारण म्हणजे चाचणीच नीट न होणे. भारतातून स्थलांतरित झालेल्यांच्या परिचयाचे याचे उदाहरण क्षयरोगाच्या रक्तचाचणीचे आहे. लहानपणी बीसीजीची लस घेतलेल्यांमध्ये त्वचेवरील जुनी चाचणी लसीमुळेही सकारात्मक येऊ शकते. रक्तचाचणीवर या लसीचा परिणाम होत नाही. अमेरिकेत ग्रीनकार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीत २०१८ पासून अशीच रक्तचाचणी वापरली जाते. तिच्या ‘क्वांटिफेरॉन’ या प्रचलित प्रकारात रक्त चार नळ्यांत घेतले जाते. एक नळी कोरी असते, दोन नळ्यांत क्षयजंतूंच्या विशिष्ट प्रथिनांचे अंश असतात आणि चौथीत रक्तातील संरक्षक पेशींना हमखास चेतवणारे द्रव्य असते. या चौथ्या नळीतही पेशींनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही आणि क्षयजंतूंच्या नळ्याही शांत राहिल्या, तर त्या शांततेवर विश्वास कसा ठेवायचा? रोगप्रतिकारशक्ती क्षीण असेल, ती दाबणारी औषधे चालू असतील किंवा नमुना हाताळण्यात दिरंगाई झाली असेल, तर असे घडू शकते. अशा वेळी प्रयोगशाळा ‘इन्डिटर्मिनेट’ असे लिहिते. याचा अर्थ क्षयाचा संसर्ग आहे असा नव्हे आणि नाही असाही नव्हे. चाचणी नीट झालीच नाही, एवढेच त्यातून कळते.

दुसरे कारण, मोजमाप नेमके मधल्या पट्ट्यात येणे. स्तनाच्या कर्करोगात पेशींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन किती आहे, हे पाहतात. रंगद्रव्याच्या साहाय्याने केलेल्या या तपासणीत ० आणि १+ हे गुण नकारात्मक, तर ३+ हा सकारात्मक मानला जातो. मधला २+ म्हणजे ‘इक्विव्होकल’. हे प्रथिन अधिक असलेल्या रुग्णांसाठी ट्रास्टुझुमाब हे औषध अमेरिकेत १९९८ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे २+ ला ‘नाही’ समजून स्वस्थ बसणे म्हणजे उपयुक्त ठरू शकणाऱ्या उपचाराला मुकण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून तेथे थांबत नाहीत. पेशींतील संबंधित जनुकाच्या प्रती मोजणारी दुसरी चाचणी करतात आणि बहुतेकदा तिच्यातून उत्तर मिळते.

तिसरे कारण, नमुना अपुरा असणे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत गाठ असेल तर बारीक सुईने पेशी काढून तपासतात. त्यांच्या अहवालासाठी जगभर वापरली जाणारी ‘बेथेस्डा’ पद्धती सहा वर्ग करते. पहिला वर्ग ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ : पुरेशा पेशीच मिळाल्या नाहीत. दुसरा निरुपद्रवी गाठींचा, सहावा कर्करोगाचा. तिसऱ्या वर्गात पेशी मिळालेल्या असतात, त्या थोड्या वेगळ्याही दिसतात; पण त्या वेगळेपणाचे महत्त्व ठरवता येत नाही. पहिला आणि तिसरा हे दोन्ही वर्ग घरी ‘काही कळलं नाही’ याच वाक्यात सांगितले जातात. वस्तुतः पहिल्यात पाहण्याजोगे काही मिळालेलेच नसते, तर तिसऱ्यात पाहूनही अर्थ लागलेला नसतो.

चौथे कारण, चाचणीच्या अंगांत एकवाक्यता नसणे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने राज्यांच्या प्रयोगशाळांना कोरोनाच्या चाचणीचे संच पाठवले. त्यांतील एका घटकातील दोषामुळे अनेक प्रयोगशाळांना पडताळणी करतानाच ‘इन्कन्क्लूझिव्ह’ निकाल मिळू लागले. विषाणू आहे की नाही, हे सांगणारे साधनच अविश्वसनीय ठरले आणि साथीच्या आरंभीच्या मोलाच्या आठवड्यांत देशाची चाचणीक्षमता रखडली. अनिर्णायक निकालाची किंमत केवळ एका घरापुरती नसते, हे त्या वेळी दिसून आले.

पुन्हा बोलावणे म्हणजे निदान नव्हे

ही कारणे पाहिली, की घबराटीलाही फारसा आधार उरत नाही. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा स्तनांच्या क्ष-किरण तपासणीनंतर १०० पैकी सुमारे ४ स्त्रियांना अधिक तपासण्यांसाठी पुन्हा बोलावते. त्या चौघींपैकी साधारण एकीला कर्करोग असल्याचे आढळते. म्हणजे पुन्हा बोलावलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत भीती खरी ठरत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. चौघींपैकी एकीचे निदान या दुसऱ्या भेटीतच होते. ‘पहिल्या वेळी काही निघालं नाही’ असे समजून ती भेट टाळणारी स्त्री कदाचित तीच असेल. अनिर्णायक निकालाने घाबरून जाऊ नये आणि निश्चिंतही होऊ नये, हे सांगण्यासाठी याहून स्पष्ट आकडे क्वचितच मिळतील.

संशोधनातील ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’

वैज्ञानिक संशोधनाच्या बातम्यांत हीच गल्लत मोठ्या प्रमाणावर होते. समजा, एका औषधाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका ४० टक्क्यांनी घटण्यापासून २० टक्क्यांनी वाढण्यापर्यंत काहीही संभवते, असे गणित निघाले. येथे औषध गुणकारी असेल किंवा घातकही असेल. निकाल ‘इन्कन्क्लूझिव्ह’ आहे. आता दुसऱ्या, पुष्कळ मोठ्या चाचणीत हीच व्याप्ती दोन टक्के घट ते दोन टक्के वाढ इतकी अरुंद निघाली, तर औषधाचा म्हणण्याजोगा परिणाम होत नाही, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. दोन्ही निकालांना संख्याशास्त्राच्या परिभाषेत ‘लक्षणीय नाही’ असेच म्हटले जाईल. मथळे मात्र दोन्ही वेळी ‘औषध निरुपयोगी’ असे झळकतील. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमका हाच इशारा दिला होता : पुरावा न मिळणे आणि परिणाम नसल्याचा पुरावा मिळणे या भिन्न गोष्टी आहेत.

न्यायालय, मतपेटी आणि रणांगण

गुन्हे-अन्वेषणात ‘इन्कन्क्लूझिव्ह’ म्हणण्याचे धैर्य नसले, की काय घडते, याचे गाजलेले उदाहरण २००४ मधील आहे. ११ मार्च रोजी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवर मिळालेला बोटाचा ठसा ओरेगॉन राज्यातील ब्रँडन मेफील्ड या वकिलाचाच आहे, असे एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. स्पॅनिश पोलिसांनी जुळणी मान्य केली नाही. तरीही मे महिन्यात मेफील्ड यांना अटक झाली. पुढे तो ठसा दुसऱ्याच इसमाचा असल्याचे निष्पन्न झाले. एफबीआयने क्षमा मागितली आणि २००६ मध्ये सरकारने २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. ठशांच्या तज्ज्ञांना ‘जुळतो’ आणि ‘जुळत नाही’ यांखेरीज ‘सांगता येत नाही’ हा तिसरा पर्यायही उपलब्ध असतो. त्याचा वापर झाला असता, तर एका निरपराध माणसाची कोठडी टळली असती.

न्यायालयाला मात्र प्रश्न कायम उघडा ठेवता येत नाही. स्कॉटलंडमध्ये ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांच्या जोडीला ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकाल शतकानुशतके होता. त्यातील शब्द अनिर्णायकतेचे असले, तरी परिणाम पूर्ण सुटकेचाच होता. आरोपीवरील डाग पुसला जात नाही आणि फिर्यादीलाही न्याय मिळाल्याचे समाधान लाभत नाही, अशी टीका त्यावर दीर्घकाळ होत राहिली. अखेर २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने तो रद्द करणारा कायदा संमत केला.

राजकारणात अशा निकालाला सहसा पुढचा अंक असतो. फेब्रुवारी १९७४ मधील ब्रिटिश निवडणुकीत मजूर पक्षाला ३०१ आणि हुजूर पक्षाला २९७ जागा मिळाल्या. बहुमत कोणालाच नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदारांना पुन्हा मतदान करावे लागले. युद्धाचेही तसेच. १७७५ ते १७८२ या काळातील पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला इंग्रजी इतिहासलेखनात अनेकदा हेच विशेषण लावले जाते. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी नामुष्कीचा तह पत्करला, पुढे पारडे खालीवर होत राहिले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने उभयतांनी शस्त्रे खाली ठेवली. साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि सुमारे वीस वर्षे शांतता लाभली. पण पश्चिम भारतावर सत्ता कोणाची, हा मूळ प्रश्न सुटला नव्हता. १८०३ मध्ये तो पुन्हा रणांगणावर आला.

संशय आणि निर्णय यांमधील अंतर

मराठी मनाला ही संकल्पना परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. गौतमाच्या न्यायदर्शनात ज्ञानासाठी आवश्यक अशा सोळा पदार्थांची यादी आहे. तीत ‘संशय’ तिसरा येतो आणि ‘निर्णय’ नववा. अंधुक प्रकाशात दूरवर दिसणारी आकृती झाडाचा खुंट आहे की माणूस, हे संशयाचे परंपरागत उदाहरण. तेथे संशयाला दोष मानलेले नाही. तो चौकशीचा आरंभ आहे. दृष्टांत, अवयव, तर्क अशा पायऱ्या ओलांडल्यावरच निर्णय येतो. आणि जो हेतू साध्याच्या बाजूने जितका बोलतो तितकाच विरुद्ध बाजूनेही बोलू शकतो, त्याला नैयायिकांनी ‘अनैकान्तिक’ असे नाव देऊन हेत्वाभासांत ढकलले. अशा हेतूवर निष्कर्ष उभारू नये, एवढाच त्यांचा दंडक होता. आधुनिक प्रयोगशाळेचा ‘इन्कन्क्लूझिव्ह’ हा शेरा त्याच दंडकाचे पालन करतो.

विचारावयाचे प्रश्न

असा अहवाल हाती आल्यावर कुटुंबाने काय करावे? डॉक्टरांना चार प्रश्न विचारता येतात. निकाल लागला नाही तो कशामुळे : चाचणी बिघडली, नमुना अपुरा पडला, मोजमाप मधल्या पट्ट्यात आले, की चाचणीच्या अंगांत विसंगती आढळली? तीच चाचणी पुन्हा करायची, की निराळी? ती किती दिवसांत व्हावयास हवी? आणि तोवर चालू औषधे किंवा दिनक्रम यांत काही बदल करावा का? उत्तरे लिहून घ्यावीत. पुढील भेटीचा दिवस ठरल्याखेरीज फोन ठेवू नये.

रुग्णाला इंग्रजी पुरेसे येत नसेल, तर अमेरिकेत केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या रुग्णालयांवर पात्र दुभाषा विनामूल्य पुरवण्याचे कायदेशीर बंधन आहे. तातडीच्या प्रसंगाखेरीज अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास मनाई आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही दुभाषा मागता येतो. भेट ठरवतानाच ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे. अन्यथा भारतीय नाव पाहून हिंदी दुभाषा दिला जाण्याचा संभव असतो. घरच्यांनी भाषांतर करू नये असे नाही. पण मुलाच्या भाषांतरात त्याची काळजी मिसळते. कधी तो आईला जपण्यासाठी अर्थ सौम्य करतो, तर कधी स्वतःच्या भीतीने गडद करतो. त्रयस्थ दुभाष्याच्या बाबतीत हा धोका कमी असतो.

शुक्रवार सायंकाळच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र घरच्यांनाच द्यावे लागते. ते लांबलचक असण्याची गरज नाही. ‘‘आई, अजून ठरलेलं नाही. या तपासणीतून कळलं नाही, म्हणून बहुतेक आणखी एक करावी लागेल. सोमवारी डॉक्टरांना विचारू या.’’ या तीन वाक्यांत खोटा दिलासा नाही, अकारण भीतीही नाही. आणि इंग्रजी अहवालाने जेवढे सांगितले, तेवढेच आईपर्यंत पोहोचते.